विषय घाबरून निवडू नका

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या शादीखान्यात स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन शिबिर झाले. भाषणे संपली, प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. बी.ए.ला उर्दू साहित्य, पहिला वर्ग. तिने विचारले, "सर, यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून उर्दू घेतला तर मुलाखतीत खटकेल का? घरचे म्हणतात, नाव तर मुसलमानाचं आहेच, वर उर्दू कशाला?"

मंचावरच्या एका बुजुर्गांनी लगेच उत्तर दिले, "बेटा, रिस्क कशाला? समाजशास्त्र घे. सेफ आहे." सभागृहाने माना डोलावल्या. मुलगी शुक्रिया म्हणून खाली बसली. मी मंचावरच होतो आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची शरम वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

समाजशास्त्र वाईट विषय आहे असे नाही, चांगलाच आहे. पण त्या मुलीने तो कधी उघडून पाहिलेला नव्हता. तीन वर्षे जे ती आवडीने शिकली ते टाकून, जे तिला येत नाही ते घे, असे आम्ही तिला सांगितले. कारण काय, तर कुणाला तरी खटकेल. आपल्या मुलांची वर्षे अशी वाया जातात. कुणी दार बंद करण्याआधीच आपण उलटे फिरतो आणि त्याला शहाणपण म्हणतो.

आधी साधा हिशेब करू. मुख्य परीक्षेचे गुणवत्तेत धरले जाणारे गुण १७५०. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००. त्यानंतर मुलाखत २७५. एकूण २०२५. उत्तरपत्रिकेवर नाव लिहायला मनाई असते. म्हणजे १७५० गुणांपर्यंत तपासणाऱ्यापुढे अहमद नसतो की अमित नसतो, फक्त उत्तर असते. राहिले मुलाखतीचे २७५. तिथे तुमचे नाव, गाव, शाळा, छंद सगळे अर्जात लिहिलेले असतेच. उर्दू लपवून नाव लपत नाही. मग त्या २७५ गुणांच्या धास्तीपोटी हातातले ५०० गुण कमजोर करायचे, हा कुठला हिशेब?

"पण भेदभाव आहे ना?" आहे. मी तो नाकारत नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेत वयाच्या २१व्या वर्षी पास झाले. पुण्यात खोली मिळवण्यासाठी आपल्याला मित्राचे हिंदू नाव सांगावे लागले, असे त्यांनी निकालानंतर माध्यमांना सांगितले. खोलीसाठी नाव बदलावे लागणे ही या समाजाची शरम आहे, त्या मुलाची नाही. पण त्यांनी राज्यशास्त्रात पदवी घेतली, अभ्यास केला, पेपर लिहिले. नाव लपवावे लागले म्हणून परीक्षा सोडली नाही.

आता दुसरा आकडा पाहा. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. तेव्हा आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के होते. लोकसंख्येतला वाटा होता १३.४ टक्के. हे आकडे आपल्या प्रत्येक जलशात ऐकवले जातात. पण त्याच अहवालातली पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. २००३ आणि २००४ मध्ये नागरी सेवांच्या लेखी परीक्षेला बसणाऱ्यांत मुसलमान अवघे ४.९ टक्के होते आणि बसलेल्यांच्या यशाचे प्रमाण इतरांच्या जवळपास बरोबरीचे होते. याचा अर्थ नीट लावा. जे दारापर्यंत गेले ते इतरांइतकेच आत गेले. गर्दी कमी पडली ती दाराबाहेर. गरिबी, शाळा, मार्गदर्शन अशी तिची मोठी कारणे आहेत. पण "आपल्याला कुठे घेतात" हे वाक्यही त्या कारणांपैकी एक आहे आणि ते आपणच आपल्या मुलांना सांगतो.

ही भीती आभाळातून पडलेली नाही, ती पेरली गेली. २०२० मध्ये एका वृत्तवाहिनीने मुसलमान उमेदवारांच्या यशाला कटाचे नाव दिले आणि सर्वोच्च न्यायालयाला त्या मालिकेचे पुढचे भाग थांबवावे लागले. 'इस्लामिक स्टडीज' नावाचा सोपा विषय घेऊन मुसलमान पास होतात, हा मेसेज आजही फिरतो. आयोगाची यादी उघडून पाहा. ४८ वैकल्पिक विषय आहेत. २३ भाषांची साहित्ये आणि २५ इतर विषय. त्यात 'इस्लामिक स्टडीज' नाही. अरबी आणि फारसी एकेकाळी होते, आता तेही नाहीत. ज्या विषयाची यादीत नोंदच नाही त्याच्या जोरावर कोण पास होणार? अफवा पसरवणाऱ्यांना हे सांगा. पण त्याच अफवेला घाबरून जे उर्दूपासून दूर पळतात त्यांनाही सांगा.

आणि उर्दू साहित्य हा 'मुसलमानांचा विषय' आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी अभ्यासक्रम तरी वाचावा. त्यात मीर आहे, गालिब आहे, इक्बाल आहे. तसाच प्रेमचंदांचा 'गोदान' आहे. फिराक आहेत, ज्यांचे खरे नाव रघुपती सहाय. राजिंदर सिंग बेदी आहेत. मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर' आहे, जे १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिले गेले. आणि दखनी आहे. तीच दखनी, जी आपण सोलापुरात, नांदेडात, औरंगाबादेत घरी बोलतो आणि बाहेर बोलायला लाजतो. देशाच्या सर्वोच्च परीक्षेत जिच्यावर प्रश्न विचारला जातो, तिची लाज आपल्याला का वाटावी?

इथे दुसऱ्या बाजूच्या सल्लागारांनी टाळ्या वाजवू नयेत. तेही मंचावर असतात. ते म्हणतात, "उर्दूच घ्या, आपला विषय आहे, तपासणारे आपलेच असतात." हा सल्लाही तितकाच घातक आहे. उर्दू साहित्याचा पेपर उर्दू लिपीतच लिहावा लागतो, तीन तास, भरभर. जो मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकला आणि ज्याचे उर्दू लिहिणे लग्नपत्रिकेवरचा मजकूर लावण्यापुरते आहे, त्याने निव्वळ 'आपला' म्हणून हा विषय घेतला तर तो बुडणार. एक भीतीने उर्दू सोडायला लावतो, दुसरा अस्मितेने घ्यायला लावतो. दोघेही मुलाला काय येते हे विचारत नाहीत. दोघेही फक्त त्याचे नाव पाहतात.

मराठी शाळेत शिकलेल्याच्या पुढे मराठी साहित्य आहे. होय, तोही आपलाच विषय आहे. त्याच्या अभ्यासक्रमात महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा आसूड' आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह आहे. त्याच नावाच्या कथेतला कामगार जात लपवून खोली भाड्याने घेतो. पुण्यातल्या खोलीची गोष्ट आठवून ती वाचा. मग मराठी साहित्य 'त्यांचे' आहे असे म्हणून दाखवा.

मग विषय निवडायचा कसा? मी तीनच प्रश्न विचारतो. पहिला, या विषयाचे पुस्तक परीक्षा नसती तरी तुम्ही वाचले असते का? दुसरा, ज्या भाषेत पेपर लिहिणार त्या भाषेत तीन तास न अडखळता लिहिता येते का? तिसरा, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून किती प्रश्नांवर आज चार ओळी सुचतात? प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तिन्हींचे उत्तर होकाराकडे झुकत असेल तर तो तुमचा विषय. मग तो गणित असो, भूगोल असो, पशुवैद्यक असो वा उर्दू. 'स्कोअरिंग' विषय नावाची गोष्ट क्लासच्या जाहिरातीत असते.

पास झालेल्यांकडे पाहा. २००९ मध्ये देशात पहिले आलेले शाह फैसल डॉक्टर होते. तेव्हा दोन वैकल्पिक विषय असत. त्यांचे होते लोकप्रशासन आणि उर्दू साहित्य. २०१५ मध्ये दुसरे आलेले अतहर आमिर खान इंजिनियर, विषय तत्त्वज्ञान. २०१८ मध्ये तिसरे आलेले जुनैद अहमद यांचा विषय भूगोल. यात कुठला 'मुसलमानांचा विषय' दिसतो? २०२४ च्या परीक्षेत यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदीबा अनम १४२वी आली. आपल्या मंचावरून तिचा फोटो दाखवा, जरूर दाखवा. पण ती किती वेळा नापास होऊन पुन्हा बसली, हेही सांगा.

आता ज्यावर शिबिरात कुणीच प्रश्न विचारत नाही, ते बोलू. वैकल्पिक विषयाची चर्चा करण्याइतके पुढे बहुतेक मुले पोहोचतच नाहीत. ती पूर्वपरीक्षेत पडतात, आणि बरीचशी सीसॅटच्या पेपरात. तो फक्त पात्रतेचा आहे, २०० पैकी ३३ टक्के हवेत, म्हणून त्याला कुणी मोजत नाही. पण त्यात उतारे आहेत आणि दहावीच्या आसपासचे गणित आहे. प्रश्नपत्रिका येते फक्त हिंदी आणि इंग्रजीत. मराठीत नाही, उर्दूत नाही. मुख्य परीक्षेतही उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखतही मराठीत देता येते, पण साहित्याचे पेपर सोडले तर प्रश्न हिंदी-इंग्रजीतूनच वाचावे लागतात. शिवाय इंग्रजी आणि एक भारतीय भाषा असे ३०० गुणांचे दोन सक्तीचे पेपर आहेत. त्यांत २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर गुणांत धरलेच जात नाहीत. म्हणून आपल्या मुलांचा पहिला विषय इंग्रजी उतारा वाचणे हा आहे, आणि दुसरा दहावीचे गणित. त्यानंतर वर्तमानपत्र, संविधान, अर्थव्यवस्था. ही कंटाळवाणी गोष्ट आहे, तिच्यावर भाषण रंगत नाही. पण मुले इथेच गळतात.

तेव्हा एक प्रश्न आपल्या जमातींना आणि अंजुमनांना. आपल्यातला एक पास झाला की दहा सत्कार होतात. हार, शाली, बॅनर, जेवणावळी. त्या दहांपैकी नऊ सत्कारांच्या पैशांत मोहल्ल्यात एक वाचनखोली वर्षभर चालते. रात्री अकरापर्यंत उघडी, मुलींसाठी वेगळी वेळ नव्हे तर मुलींसाठीही तितकाच वेळ, आणि आठवड्यातून दोन दिवस गणित शिकवणारा कुणीतरी. एनसीईआरटीची पुस्तके हिंदी, इंग्रजी, उर्दूत फुकट उतरवून घेता येतात. लागते फक्त जागा, आणि घरून मुलीला "रात्री कुठे चाललीस" असे न विचारण्याची हिंमत.

हेही लक्षात ठेवा की बसणाऱ्या बहुतेकांची निवड होणार नाही. लाखो बसतात, हजाराच्या आसपास घेतले जातात. भीतीने निवडलेला विषय घेऊन जो नापास होतो, त्याच्या हाती चार वर्षांनी काहीच उरत नाही. आवडीने निवडलेला विषय घेऊन जो नापास होतो, तो शिक्षक होतो, वकील होतो, पत्रकार होतो. संविधान आणि अर्थसंकल्प वाचलेला नागरिक तर तो झालेलाच असतो. तहसील कचेरीत फाइल अडली की मोहल्ला त्याच्याकडे जातो. आपल्याला असे लोकही हवे आहेत.

शिबिरातल्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. ती हे वाचत असेल तर माझे उशिरा आलेले उत्तर असे: बेटा, तुझ्या कपाटातली उर्दूची पुस्तके तिथेच राहू दे. उद्यापासून रोज एक इंग्रजी उतारा आणि दहा गणिते सोडव. आणि मुलाखतीत कुणी विचारलेच, "उर्दू का घेतली?" तर सांग, "मला येते म्हणून."