उरलेसुरले सूर

लेखक गेल्यावर त्याच्या टेबलाच्या खणात हात घालणाऱ्या मंडळींविषयी मला कधीच फारसा आदर वाटलेला नाही. ज्याने आयुष्यभर एकेक ओळ पारखून छापायला दिली, त्याच्या वाणसामानाच्या याद्या, अर्धवट टाकलेल्या कविता आणि उधारीची पत्रे 'अप्रकाशित साहित्य' म्हणून बाजारात मांडायची, हे मला पाहुण्याने न विचारता यजमानाच्या माजघरात शिरण्यासारखे वाटते. वर्गात ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा विषय निघाला की माझे हे मत हमखास उसळी घेते. नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवले की, यापुढे कोणी पदरची ओवी घातली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे करवंटी, हे हल्ली मुलांना सांगावे लागते. सांगितले की वर्ग हसतो, आणि मी विजयी मुद्रेने पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

अशा माणसाला यंदा श्रावणात एका अमेरिकन गायकमंडळीच्या उरल्यासुरल्या गाण्यांच्या दोन तबकड्यांनी वेड लावावे, ही मोठी मौज आहे.

तबकड्या माझ्या नव्हेत, दादाच्या. २००१ साली तो नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात होता, तेव्हा त्याने त्या घेतल्या. तीन वर्षांपूर्वी आमचा पेठेतला वाडा पाडला गेला. सामानाची पांगापांग झाली, त्यात त्याचे एक खोके चुकून माझ्याकडे आले. चुकून आलेली वस्तू परत करायला माणसे बोलत असावी लागतात. वाडा विकावा की विकू नये यावरून आम्हां तिघा भावांत जे व्हायचे ते झाले होते, त्यामुळे खोके माळ्यावर राहिले. या पावसाळ्यात माळा गळू लागला म्हणून ते खाली काढले. हल्लीच्या संगणकांना तबकडी भरवायला तोंडच नसते. शेजाऱ्यांचा जुना प्लेअर मागून आणला.

वर लिहिले होते 'हॉथॉर्न, सीए'. गायकमंडळी म्हणजे बीच बॉईज. यांची समुद्राच्या लाटा, मोटारगाड्या आणि मुली या त्रिस्थळी यात्रेची गाणी वाड्याच्या मागच्या खोलीतून माझ्या कानावर पडलेली होती. पण ती मला रस्त्यावरून जाणाऱ्या वरातीच्या बँडइतकीच जवळची होती. हॉथॉर्न हे लॉस एंजेलिसजवळचे छोटे गाव. तिथल्या विल्सन कुटुंबातले ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तिघे सख्खे भाऊ, माइक लव्ह हा त्यांचा आतेभाऊ आणि अल जार्डीन हा मित्र, अशा पाचजणांनी १९६१ साली हा मेळा उभा केला. वडील मरी हे स्वतः हौशी गीतकार आणि स्वभावाने जमदग्नी. आईने हट्ट धरला म्हणून डेनिसला घेतले, असे सांगतात. आणि लाटांवर फळी घेऊन खरोखर स्वार होणारा पाचांत तो एकटाच!

आपल्याकडे दहा माणसे एकत्र गातात तेव्हा दहाहीजण एकच चाल गातात. आरती घ्या, भजन घ्या. ज्याचा आवाज मोठा तो पुढे, बाकीचे त्याच्या मागे. या मंडळींचा प्रकार निराळा. चौघेपाचजण एकाच क्षणी निरनिराळे सूर लावतात आणि त्यांचा मिळून एक भरदार आवाज होतो. यातली मेख अशी की, मधल्या आवाजांना स्वतःची म्हणावी अशी चालच नसते. वरचा गडी चाल गातो, खालचा खर्ज भरतो, आणि मधले दोघेतिघे एखादा सूर धरून बसतात, एक पायरी वर जातात, पुन्हा खाली येतात. एकटे गायला सांगितले तर ऐकणारा म्हणेल, याला गाणे येत नाही. तो गप्प बसला तर मात्र सबंध गाणे पोकळ होते.

ही विद्या ब्रायन घरीच शिकला. 'फोर फ्रेशमेन' नावाच्या चौकडीच्या तबकड्यांचे त्याला वेड होते. चार मात्रा वाजवायच्या, तबकडी थांबवायची, पियानोवर एकेक आवाज शोधायचा, मग पुढच्या चार. सोळाव्या वाढदिवसाला त्याला टेपरेकॉर्डर मिळाला. मग घरातलीच माणसे हाताशी धरून त्याने प्रयोग सुरू केले: धाकट्या कार्लला एक आवाज, आई ऑड्रीला एक, उरलेला स्वतःला. या संग्रहात त्या आवडत्या चौकडीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे त्याचे एक घरगुती ध्वनिमुद्रण आहे. पोरसवदा आवाज, घरातली टेप. पुढे लाखो लोकांनी जे ऐकले त्याचा गिरवलेला कित्ताच तो. नाथांची क्षमा मागून सांगतो, ही नरोटी मला टाकवेना.

आता या तबकड्यांतला खरा ऐवज. त्या काळी या मंडळींची पद्धत अशी होती की, आधी वाद्ये मुद्रित करायची आणि मग टेपच्या उरलेल्या पट्ट्यांवर गळे चढवायचे, पुष्कळदा तोच आवाज दुहेरी. शेवटी सगळे मिसळून एक पक्की प्रत निघे आणि मूळ टेपा कपाटात जात. तीसचाळीस वर्षांनी ती कपाटे उघडली गेली, तेव्हा ध्यानात आले की, वाद्यांची पट्टी बंद केली तर नुसते गळे उरतात. १९६५ सालचे 'किस मी, बेबी' हे त्यांचे गाणे या संग्रहात तसे आहे. ढोल नाही, गिटार नाही, नुसती माणसे. मी ते सलग सात वेळा ऐकले. आमच्या हिने स्वयंपाकघरातून विचारले, "कोणी वारलंय का?"

तिचे फारसे चुकले नव्हते. वाद्यांच्या आड मला वाटत आले होते की इथे हसतखेळत चालले आहे. वाद्ये काढल्यावर दिसले की ही माणसे एकमेकांना धरून उभी आहेत. १९६४च्या डिसेंबरात दौऱ्यावर जाताना विमानातच ब्रायनचे मन एकाएकी ढासळले होते. त्यानंतर त्याने दौरे जवळजवळ सोडले. भाऊ गावोगाव गात फिरायचे आणि हा घरी बसून, भाडोत्री वादक जमवून, पुढची गाणी रचायचा. ते परत आले की त्यांना त्यांचे त्यांचे सूर वाटून द्यायचा. पंक्तीत वाढप्याने पानागणिक वाढावे तसे! कोणाच्या गळ्याला काय झेपेल, हे त्याला ठाऊक असे. आपल्याच भावाचा गळा अशा रीतीने ठाऊक असणे, ही मला संगीताहून मोठी विद्या वाटते.

एक गोष्ट तर चटका लावून गेली. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. म्हणून ज्या काळी दोन कानांच्या, म्हणजे स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचा बोलबाला वाढत होता, त्या काळी तो आपल्या गाण्यांच्या पक्क्या प्रती एककानीच करत राहिला. १९६६चा त्यांचा गाजलेला 'पेट साउंड्स' हा संग्रहही तसाच निघाला. त्याची संपूर्ण स्टीरिओ प्रत बाजारात यायला १९९७ साल उजाडले. 'हॉथॉर्न, सीए' मध्येही अशा नव्याने दोन कानांत वाटलेल्या जुन्या प्रती आहेत. आपल्याला डावीकडे एक भाऊ आणि उजवीकडे दुसरा असा स्वच्छ ऐकू येतो. ज्याने ते सारे रचले, त्याला मात्र तसे कधीच ऐकता आले नसेल.

सगळेच असे मोलाचे आहे म्हणाल तर तसे नाही. गाण्यांच्या मधूनमधून या मंडळींच्या बोलण्याचे तुकडे पेरले आहेत. एकदा ऐकले की पुरे. दोनचार पाठभेद तर असे आहेत की, आमच्या खात्यातल्या एखाद्या संशोधकालाच त्यांत गोडी वाटावी. 'पेट साउंड्स'च्या १९९०च्या तबकडीवर तर याहून मोठा अपराध घडला होता. तो संग्रह आगगाडी निघून जाण्याच्या आणि कुत्र्यांच्या भुंकण्याच्या आवाजावर संपतो. त्यानंतर जी शांतता पसरायला हवी तिच्यात शिल्लक मालाचे तीन तुकडे चिकटवून दिले! ही शंभर नंबरी नरोटी. त्याआधी १९८३ साली 'रॅरिटीज' नावाचा एक संग्रह निघाला होता, त्यात त्यांनी जर्मन भाषेत गायलेले एक गाणे आहे, यावरून काय ते ओळखावे. आणि एक सांगायचे राहिलेच. यातला माइक लव्ह १९६८ साली आपल्या ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून गेला. त्याच वर्षी या मंडळींनी महर्षींना बरोबर घेऊन अमेरिकेत दौरा काढला. तिकिटे खपेनात, म्हणून तो अर्ध्यावर गुंडाळावा लागला.

दुसऱ्या तबकडीवर डेनिसचे एक गाणे आहे. हे रचले गेले साठीच्या दशकात. पण त्याला बाहेरचा उजेड दिसला तो थेट २००१ साली, या संग्रहात. डेनिस १९८३च्या डिसेंबरात पाण्यात बुडून गेला. समुद्राची गाणी गाणाऱ्या घराण्यातला समुद्र जाणणारा एकटा तो, आणि शेवट असा. आवाज जाडाभरडा, भावांसारखा घोटीव नाही. आईने हट्ट धरला नसता तर हा आवाज मेळ्यात आलाच नसता, आणि कोणी कपाट उघडले नसते तर हे गाणेही नाही. खणात हात घालणारांविषयीचे माझे मत इथे चांगलेच डळमळले.

कार्ल १९९८ साली कर्करोगाने गेला. ब्रायन २०२५च्या जूनमध्ये. वडिलांनी त्याआधीच, १९६९ साली, पोराच्या गाण्यांचे हक्क सुमारे सात लाख डॉलरांना विकून टाकले होते. आणि ज्या घरात आईने पोराच्या टेपेसाठी गळा दिला, ते घर १९८०च्या दशकात हमरस्त्यासाठी पाडले गेले. २००५ साली तिथे स्मारकाची शिळा बसवली आहे. गाव उरले, शिळा उरली, आणि गावाचे नाव घेतलेल्या या दोन तबकड्या.

हे वाचल्यावर मला आमच्याकडची एक कॅसेट आठवली. वाड्यातल्या गणपतीत कोणीतरी आरत्या टेप केल्या होत्या. १९८९ असे वर अप्पांच्या अक्षरात लिहिले आहे. आजवर मी ती ऐकायला धजलो नव्हतो, कारण तिच्यावर अप्पांच्या आवाजाशिवाय काही असेल असे वाटत नव्हते. त्यांचा आवाज मोठा, हातात झांजही तेच घेत. दुरुस्तीवाल्याने जुन्या टेपचा बेल्ट बदलून दिला आणि एका रविवारी ती लावली. अपेक्षेप्रमाणे अप्पा आणि झांज, झांज आणि अप्पा. विठ्ठलाच्या आरतीच्या तिसऱ्या कडव्यात मात्र अप्पांना ठसका लागला. आवाज थांबला, झांज थांबली, आणि तेवढ्या अर्ध्याएक मिनिटात मागची माणसे उघडी पडली. धाकटा शब्द गाळून नुसता सूर ओढतो आहे. मी एक कडवे मागे आहे. एक बारीक, सरळ आवाज आहे, तो आईचा. आई गाते हे आम्हां भावांपैकी कोणाला ठाऊक होते कोण जाणे! आणि या सगळ्यांच्या मधोमध, तेव्हा नुकता आवाज फुटलेला दादा, न चढवता, न पाडता, अप्पांचा सूर तसाच धरून उभा आहे, अप्पा परत येईपर्यंत. मग झांज सुरू होते आणि तो पुन्हा ऐकू येईनासा होतो.

अप्पांच्या शेवटच्या आजारपणातली तीन वर्षे मला आठवली. वाडा विकावा म्हणणारा दादाच होता, आणि औषधांची बिले भरणाराही तोच होता. पहिली गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा बोलून दाखवली होती.

तेवढे अर्धे मिनिट फोनवर मुद्रित करून दादाला पाठवले. खाली काही लिहायचे सुचेना, म्हणून लिहिले नाही. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचाच फोन आला.

"तू तेव्हाही एक कडवं मागे होतास," तो म्हणाला.

मी म्हटले, "हो."

बराच वेळ तोही काही बोलला नाही, मीही नाही. मग मी त्याला त्या तबकड्यांविषयी सांगितले: नुसत्या गळ्यांचे गाणे, एका कानाचा ब्रायन, डेनिस. त्याने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे त्या तुझ्याकडे आहेत होय? तीन वर्षं मी घर पालथं घातलं. पाडव्याला येतो न्यायला. दोन आहेत बरं का, दोन्ही काढून ठेव. आणि आईचं ते आणखी कुठे आहे का बघ त्या कॅसेटवर."

कॅसेटची दुसरी बाजू अजून ऐकायची आहे. बेल्ट पुन्हा निसटला आहे, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, दिवाळीच्या आत जमेल.