‘ॾाॾो’ लिहून दाखव!

साताऱ्या-सांगलीकडे लग्न ठरलं की घरात पहिली चर्चा बस्त्याची. आणि बस्ता म्हटलं की गाडी निघते गांधीनगरला! कोल्हापूरच्या अलीकडची ही कापडाची होलसेल पेठ. साड्यांचे ढीग, चहा, घासाघीस... आणि काउंटरपलीकडे मालक नि त्याचा भाऊ आपापसात भराभर जे बोलतात, ती सिंधी. हे गाव म्हणजे मूळची वळिवड्याची छावणी. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडचे निर्वासित राहिले आणि फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली.

त्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज हिंजवडी-खराडीत तुमच्या शेजारच्या डेस्कवर बसते. घरी कपाटात एखादी जुनी वही असते. आजोबांची पत्रं, आजीच्या रेसिपीज, कुणाकुणाचे पत्ते. वही सिंधीत, आणि नातवाला येतं इंग्लिश, हिंदी नि आपल्यासारखंच फर्डं मराठी. मग कधीतरी कॉफी मशिनपाशी प्रश्न येतो, ‘यार, हे लॅपटॉपवर कसं घ्यायचं?’ तर मंडळी, आज त्याचंच उत्तर.

आधी लिपी ठरवा

सिंधी भाषा १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. भारतात ती दोन लिप्यांत चालते, अरबी आणि देवनागरी. अरबी वळणाची ५२ अक्षरांची वर्णमाला ठरली १८५३ साली, आणि यात एक सातारा कनेक्शन आहे बरं का! तेव्हा सिंधचा कमिशनर होता बार्टल फ्रिअर. सिंधला जाण्याआधी तो साताऱ्याचा रेसिडेंट होता. साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेव्हाचा कारभार त्यानेच पाहिला आणि १८५० मध्ये तो कराचीला गेला. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे साहेबांच्या अशा बदल्या व्हायच्याच.

थोडक्यात फंडा असा. जुनी वही बहुतेक अरबी लिपीत असणार आणि नातवाला वाचता येणार देवनागरी. म्हणून लॅपटॉपवर दोन्ही लिप्या बसवा.

राउंड पहिला: देवनागरी

हा आपला होम ग्राउंड! मराठी टायपिंग येत असेल तर नव्वद टक्के काम झालेलंच आहे. उरतात फक्त चार अक्षरं: ॻ, ॼ, ॾ, ॿ. खाली रेघ दिसते ना? हे उच्चार करताना हवा बाहेर सोडायची नाही, आत ओढायची. मराठीत असे उच्चार नाहीत, सिंधीत मात्र त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ॻोठु म्हणजे गाव, ॼिभ म्हणजे जीभ, ॿार म्हणजे मूल आणि ॾाॾो म्हणजे वडिलांचे वडील. ही चार अक्षरं नसतील तर कॉम्प्युटरवर ‘आजोबा’सुद्धा धड लिहिता येत नाहीत!

युनिकोडमध्ये ही अक्षरं २००६ साली, ५.० या आवृत्तीत आली. त्याआधी लोक साध्या अक्षराला अंडरलाइन मारून वेळ भागवायचे. कॉपी-पेस्ट केलं की रेघ गायब!

आता ती टाइप कशी करायची? वर्डमध्ये इंग्लिश कीबोर्डवर शून्य, नऊ, सात आणि बी एवढं टाइप करा आणि ऑल्ट धरून एक्स दाबा. ॻ हजर! बीच्या जागी सी घातला की ॼ, ई घातला की ॾ, एफ घातला की ॿ. दर वेळी एवढा खटाटोप नको असेल तर लिहिताना साध्या ‘ड’पुढे फुली मारत चला आणि शेवटी फाइंड-रिप्लेसने सगळ्या जोड्या एका दमात बदला. फोनवर काम अजून सोपं. जीबोर्डच्या भाषांच्या यादीत सिंधी दोन्ही लिप्यांत मिळते.

अक्षराऐवजी रिकामा चौकोन दिसला तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये ते चित्र नाही. निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी लावा, चौकोन पळतील.

राउंड दुसरा: अरबी

एक्सपीच्या जमान्यात यासाठी ऑफिसच्या आयटीवाल्याकडून विंडोजची सीडी मागून आणावी लागायची. आता सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रिजन, मग अ‍ॅड अ लँग्वेज. सर्चमध्ये सिंधी टाका आणि अरबी लिपीचा पर्याय निवडा. सोबत कुठला कीबोर्ड आला ते जरूर तपासा. सिंधीची सगळी अक्षरं त्यावर नसतील तर सिंधीचाच वेगळा कीबोर्ड टाकून घ्या. उर्दूच्या कीबोर्डवर भागवू नका, सिंधीची खास अक्षरं त्यात मिळत नाहीत.

फॉन्टचंही तसंच. उर्दू छापली जाते तिरक्या, उतरत्या नस्तालीक वळणात, तर सिंधी सरळ नस्ख वळणात. ‘लतीफ’ नावाचा मोफत फॉन्ट सिंधी डोळ्यापुढे ठेवूनच केलाय. नाव अर्थात सिंधचे महाकवी शाह अब्दुल लतीफ यांचं. वर्डमध्ये परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करायला विसरू नका, नाहीतर पूर्णविराम भलतीकडे जाऊन बसेल.

कॉम्प्युटरवरच्या सिंधीचा पाया घातला तो अब्दुल मजीद भुर्गरी यांनी. सिंधमधल्या हैदराबादेत आज त्यांच्या नावाची भाषा-तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे बसवलेली अक्षरं आपल्या गांधीनगरच्या वहीलाही चालतात. युनिकोडला व्हिसा लागत नाही!

राउंड तिसरा: खरी अडचण

आता तुम्ही म्हणाल, वहीचा फोटो काढू आणि मशिनकडून देवनागरी करून घेऊ. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०१६ पासून सिंधी आहेच की! थांबा. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, वाचणारा ते सवयीने भरतो. ‘स’साठी तीन अक्षरं आणि ‘झ’साठी चार. त्यात आजोबांचं घाईचं अक्षर आणि पुसट झालेली शाई. मशिन अंदाज बांधणार आणि नेमकं गावाचं नि माणसांच्या नावांचं वाटोळं करणार. ती नावं ज्यांना तोंडपाठ आहेत, अशी माणसं घरात आता एक-दोनच उरलेली असतात.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रत्येक पानाचा फोटो काढा. घरातल्या मोठ्यांना ते पान मोठ्याने वाचायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग ऐकत ऐकत देवनागरीत टाइप करा, अरबी मजकूर सवडीने. फोटो, आवाज आणि मजकूर एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक कॉपी भावंडांना पाठवा.

फॉन्ट काय, पुढच्या वर्षीही डाउनलोड होतील. ॾाॾीला वही वाचायला मात्र याच रविवारी बसवा.