पोळ्याला येणारा ताप

भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आता ‘मधाचं गाव’ म्हणून ओळखलं जातं. इथल्या पेट्यांतल्या सातेरी माश्या अळ्यांच्या पोळ्यात साधारण ३३ ते ३६ अंश तापमान राखतात. उकाडा वाढला की पाणी आणून पंखांनी वारा घालतात, गारठा पडला की अंग थरथरवून ऊब देतात.

पण ही राखण भरल्या वसाहतीलाच पेलते. पावसाळ्यात फुलोरा आटतो, माश्या रोडावतात, अळ्या गारठतात आणि रोगाला वाट मिळते. युरोपीय माश्यांच्या अशा अळ्यांना बुरशी धरते. त्या खडूसारख्या पांढऱ्या, कडक होतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ही बुरशी पोळ्यात शिरताच, अळ्या मरण्याआधीच, माश्यांनी तापमान वाढवलं. वसाहतीनं मिळून आणलेला तापच तो!

तेव्हा मध किती निघाला, एवढंच विचारून भागणार नाही. पेटीला उन्हाळ्यात सावली आणि पावसात आडोसा हवा, टंचाईत साखरेचा पाक वेळेवर हवा, दुबळ्या वसाहती वेळीच एकत्र करायला हव्यात. ऋतूंचा नेम चुकू लागला असताना मधपाळांच्या प्रशिक्षणात मध काढण्याइतकंच महत्त्व पेटीतल्या तापमानालाही मिळालं पाहिजे.

— संपादक