जड स्प्रिंगचा भ्रम: १९११ चे कोल्ट पिस्तूल आणि बाजारातील 'अपग्रेड'

१/ कोल्टच्या १९११ पिस्तुलाविषयी एक सल्ला वारंवार दिला जातो: मूळची १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग काढावी, २० किंवा २२ पौंडांची बसवावी, पिस्तूल अधिक मजबूत होते. या सल्ल्याला ना यंत्रशास्त्राचा आधार आहे, ना इतिहासाचा. जॉन मोझेस ब्राउनिंगने साधलेला तोलच तो बिघडवतो. #थ्रेड

२/ आधी यंत्र. गोळी सुटताच स्लाइड आणि नळी एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत मागे सरकतात. थोड्या अंतरावर नळी खाली झुकून सुटी होते. स्लाइड एकटीच मागे जाते, रिकामी पुंगळी फेकते आणि घोडा चढवते. या प्रवासात दाबली गेलेली रिकॉइल स्प्रिंगच मग स्लाइडला पुढे ढकलून नवे काडतूस चेंबरमध्ये बसवते.

३/ 'जड स्प्रिंगने धक्का कमी होतो' हा पहिला भ्रम. मागे येणारा संवेग गोळी व दारूच्या वायूंचे वस्तुमान आणि त्यांचा वेग यांवर ठरतो. स्प्रिंग तो नाहीसा करू शकत नाही. तो हाताला किती वेळात आणि कोणत्या टप्प्यांत जाणवेल, एवढेच तिच्या हाती असते.

४/ 'जड स्प्रिंग फ्रेम वाचवते' हे अर्धसत्य. मागचा आघात सौम्य होतो, हे खरे. पण साठलेली ऊर्जा परतीच्या प्रवासात बाहेर पडते. स्लाइड अधिक जोराने मिटते आणि तो मार नळी व स्लाइड-स्टॉपची पिन यांना सोसावा लागतो. स्प्रिंग विकणारी वुल्फ ही अमेरिकी कंपनी १९११ च्या रिकॉइल स्प्रिंगसोबत फायरिंग पिनचीही जास्त ताकदीची स्प्रिंग देते. पुढच्या आघाताने सैल पिन काडतुसावर आदळू नये, म्हणून. विक्रेत्याला जे ठाऊक आहे, ते प्रचारकांना का ठाऊक नसावे?

५/ खरी हानी विश्वासार्हतेची होते. सौम्य काडतूस आणि जड स्प्रिंग एकत्र आली की स्लाइड पुरती मागे जात नाही. पुंगळी मध्येच अडकते. ती मागे गेलीच, तर इतक्या घाईने परतते की मॅगझिनला पुढचे काडतूस वर उचलायला पुरेसा वेळ मिळत नाही. युद्धात अशा अडथळ्याची किंमत सैनिकाने प्राणाने मोजली असती.

६/ मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चाचणीत कोल्टच्या पिस्तुलाने ६,००० फैरी एकाही बिघाडाविना झाडल्या. २९ मार्च रोजी त्याचा स्वीकार झाला. ते यश कोणत्याही एका जड भागाचे नव्हते. काडतूस, स्लाइडचे वजन, घोड्याची स्प्रिंग आणि रिकॉइल स्प्रिंग या साऱ्यांचा मेळ त्यामागे होता.

७/ यावर आक्षेप ठरलेला: मग कोल्टच्याच आखूड पिस्तुलांत जड स्प्रिंग कशी? उत्तर आक्षेपातच आहे. कमांडरची स्लाइड आखूड व हलकी, म्हणून तिथे १८ पौंड. ऑफिसर्स मॉडेल त्याहून आखूड, म्हणून स्प्रिंग त्याहून जड. तिथली जड स्प्रिंग ही घटलेल्या वस्तुमानाची आणि प्रवासाची भरपाई आहे. पूर्ण आकाराच्या पिस्तुलात असे काहीच घटलेले नसते.

८/ ब्राउनिंगने आरंभलेले आणि द्यूदोने सेव्ह याने पूर्णत्वास नेलेले हाय-पॉवर पाहावे. भारतात इशापूरच्या कारखान्यात तयार झालेले ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातले. १९९० च्या दशकात बेल्जियमच्या एफएनने हाय-पॉवर .४० काडतुसासाठी सिद्ध केले, तेव्हा केवळ स्प्रिंग बदलून काम भागवले नाही. स्लाइड जड केली आणि फ्रेमही मजबूत केली.

९/ कारखान्यांनाही हे गणित सहज सुटत नाही. २०११ मध्ये ग्लॉकने चौथ्या पिढीच्या पिस्तुलांच्या रिकॉइल स्प्रिंग बदलून देण्याची योजना जाहीर केली. चाचण्यांची सारी साधने हाताशी असलेल्यांना जिथे फेरविचार करावा लागतो, तिथे पाकिटावरचा आकडा वाचून केलेली निवड किती भरवशाची?

१०/ आणि तो आकडा तरी काय सांगतो? स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंगचा जोर किती, एवढेच. स्लाइड मिटलेली असताना तो किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून निवडीचा क्रम असा असावा: आधी काडतूस, मग स्लाइडचे वजन व लांबी, आणि शेवटी स्प्रिंग. थकलेली स्प्रिंग जरूर बदलावी, पण मूळ मापाचीच. नेहमीचे काडतूसच अधिक जोरदार असेल, तर एखाद-दोन पौंडांची वाढ समर्थनीय ठरते.

११/ व्हिडिओ गेममध्ये सुटा भाग जोडला की शस्त्राचे गुण वाढतात. प्रत्यक्षात एका भागाला दिलेले बळ दुसऱ्या भागाकडून वसूल होते. शंभराहून अधिक वर्षे टिकलेल्या रचनेला 'कमकुवत' ठरवण्याआधी तिचा कोणता भाग कोणते काम करतो, एवढे तरी इतिहासाच्या अभ्यासकाने तपासावे.