वास दाबू नका, गळती शोधा

"जुनी गाडी म्हटली की आत तेलाचा वास यायचाच. एसीच्या जाळीला सुगंधी डबी लावा, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा, इंजिनात जरा जाड ऑइल टाका आणि चालवा बिनधास्त." कळंबमध्ये गाडीचा विषय निघाला की हा उपदेश करणारे एक गृहस्थ हमखास भेटतात. त्यांचं सगळं शास्त्र या दोन वाक्यांत आटोपतं. त्यांच्या मते वास हाच आजार, आणि नाकाला तो कळेनासा झाला की गाडी बरी झाली.

गोठ्यात साप फुसफुसतोय म्हणून कानात बोळे घालणारा शेतकरी मी या तालुक्यात पाहिलेला नाही. गाडीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं नेमकं हेच करतात, आणि वर दुसऱ्यालाही शिकवतात.

वास येतो कुठून? बहुतेक वेळा इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून. हे रबर उष्णतेने कडक होतं, चिरतं. बॉनेट उघडून टॉर्च मारली की कव्हरच्या कडेला तपकिरी ओली रेघ दिसते आणि तिच्याखाली तेलात कालवलेल्या धुळीची काळी पुटं. तिथून ओघळ उतरतो तो थेट तापलेल्या एक्झॉस्ट मेनिफोल्डवर. तिथे तेल जळतं आणि धूर होतो. काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी असते तिच्यातूनच गाडी बाहेरची हवा आत घेते, त्यामुळे हा धूरही आत ओढला जातो. गाडी पळत असताना वारा बराचसा धूर उडवून नेतो, म्हणून यवतमाळपर्यंत काही जाणवत नाही. संकष्टीला चिंतामणीच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांच्या रांगेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकू लागली की वास भपकन नाकात जातो. थांबल्यावरच वास येतो, ही तक्रार ऐकली की मिस्त्रीने आधी वरची कड तपासायला हवी.

आता सुगंधी डबीबद्दल. माझा खरा राग तिच्यावर आहे. तेलाचा धूर ज्या वाटेने आत येतो, त्याच वाटेने मेनिफोल्डच्या फुटक्या पॅकिंगमधून सुटलेला इंजिनाचा धूरही येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. मागच्या सीटवरचं लेकरू ओकलं की "त्याला गाडी लागते" म्हणून आपण लिंबू हुंगायला देतो. दर वेळी एकाच गाडीत लागत असेल तर? रस्त्यावर उतरलं की पाच मिनिटांत ताजंतवानं होत असेल तर? अशा वेळी धुराचा वास हीच आपल्या हातातली एकमेव सूचना असते, आणि ती मोगऱ्याच्या अत्तराखाली पुरायचा सल्ला हे गृहस्थ देतात. 2024 मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली खरी, पण रात्री-अपरात्री पेशंटला सावंगी किंवा नागपूरला न्यायचं तर आजही गाडीच काढावी लागते. त्या गाडीत, काचा बंद करून, आजारी माणसाला हा धूर पाजायचा?

हवा आतल्या आत फिरवायचं ते बटण बाहेरची हवा थांबवतं, पण इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या भोकांतून आणि डिक्कीच्या फाटक्या रबरातून येणारा धूर थांबवत नाही. उलट आत आलेला धूर आतच कोंडतं. आणि जाड ऑइल टाकून चिरलेलं रबर सांधलं जात नाही.

असाच वाद आमच्याकडे इंजिनाच्या थर्मोस्टॅटवरून झाला होता. "विदर्भात 45 अंश ऊन, थर्मोस्टॅट हवा कशाला, काढून फेका," असं तेव्हाही छातीठोक सांगितलं जाई. तो काढला की इंजिन पुरतं तापत नाही, तेलात पाण्याची वाफ आणि इंधन साचून चिखल होतो, ब्रीदरची नळी तुंबते. मग आतला दाब वाट शोधतो आणि पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलतो. आज ज्या वासाला "जुनी गाडी" म्हणून माफ केलं जातं, त्यातला काही त्या सल्ल्याचा असू शकतो.

मग करायचं काय? हवा आत फिरवायचं तेच बटण परीक्षेसाठी वापरा. दाबल्यावर वास थांबला तर दोष बॉनेटखाली शोधा. सुरूच राहिला तर आत, मागे किंवा फायरवॉलच्या भोकांपाशी. गोडसर वास आणि काचेवर चिकट थर असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. डिझेल गाडीत फसफस आवाज येत असेल आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गेलाय. इंजिन धुऊन कोरडं करा, थोडं चालवा आणि ताजा ओघळ कुठून सुटतो ते बघा. पॅकिंग बदलताना ब्रीदर साफ करून घ्या, आणि मिस्त्री सिलिकॉनची ट्यूब पिळू लागला तर हात धरा. जास्तीचं सिलिकॉन तुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाची जाळी बुजवतं.

काम झाल्यावरही मेनिफोल्डवर सांडलेलं जुनं तेल जळून संपेपर्यंत वास येत राहील. त्या काळात मागची एक काच उघडी ठेवून चालत नाही, धूर मागूनही ओढला जाऊ शकतो. पुढच्या काचा खाली घ्या, डिक्की घट्ट लावा. काही दिवसांनी पुन्हा टॉर्च मारा. कड कोरडी असेल तर थोडी कळ काढा. ओली दिसली तर गाडी परत न्या आणि पॅकिंग समोर उभं राहून बसवून घ्या.