तेच आणि तसंच

इंटरव्ह्यू घ्यायला बसलो की मी एक प्रश्न हमखास विचारतो. जावामध्ये दोन स्ट्रिंग सारख्या आहेत की नाहीत, हे कसं बघायचं? नवखा उमेदवार पटकन म्हणतो, दोन बरोबरची चिन्हं टाकून. मग मी त्याला सांगतो की बाबा रे, ती चिन्हं एवढंच सांगतात की दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच जागेकडे बोट दाखवताहेत का. मजकूर सारखा आहे का हे बघायचं तर 'ईक्वल्स' वापरायला हवं. थोडक्यात, 'तेच' वेगळं आणि 'तसंच' वेगळं.

हा प्रश्न मी गेली वीस वर्षं लोकांना विचारतोय. आणि याच प्रश्नात मी स्वतः एकदा सपशेल नापास झालोय. तेही एका गाण्यापायी.

गाणं तुम्हाला माहीत असणारच. 'तोच चंद्रमा'. शब्द शांता शेळके यांचे, चाल आणि आवाज सुधीर फडके यांचा. अगदी परफेक्ट म्हणावं असं गाणं कुठलं, यावर आम्हा मित्रांमध्ये तासन् तास वाद होतात. कुणी 'ये रे घना' म्हणतं, कुणी 'शुक्रतारा' म्हणतं, एकजण दरवेळी आर. डी. बर्मनला मध्ये आणतो. मी आपला माझ्या चंद्रम्याला धरून बसतो. पण माझ्या डोक्यातलं गाणं आणि तुम्ही ऐकलेलं गाणं, ही दोन गाणी एक नाहीत. माझ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कुकरची शिट्टी आहे.

सांगतो.

१९८६ साल. आम्ही तेव्हा सांगलीत राहायचो. घरात जुना रेडिओ होता, लाकडी फळीवर, वर क्रोशाचा रुमाल. टेपरेकॉर्डर नव्हता, तो मामाकडून महिनाभरासाठी आणलेला. त्याला आतच माइक होता. रेडिओवरचं गाणं टेप करायचं म्हणजे टेपरेकॉर्डर रेडिओच्या पुढ्यात ठेवायचा, 'प्ले' आणि 'रेकॉर्ड' ही दोन बटणं एकदम दाबायची आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. 'आपली आवड'मध्ये हे गाणं लागेल या आशेवर बाबा दोन-तीन आठवडे असे तयारीत बसले होते. निवेदिका श्रोत्यांची नावं आणि गावं वाचायची, आणि बाबांचं बोट बटणावर.

एका संध्याकाळी लागलं एकदाचं. बाबांनी बटणं दाबली, तोवर सुरुवातीचं थोडं संगीत निघून गेलेलं. मग पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्याच्या तोंडाशी कुकरने शिट्टी दिली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, झालं का?" आणि बाबा कळवळून म्हणाले, "श्श!"

शिट्टी, आई, "श्श!" हे तिन्ही कॅसेटवर आले. पुढची अठरा वर्षं आमच्या घरात हे गाणं असंच वाजलं. मी आणि ताई तर त्या जागी बरोबरीने "श्श!" म्हणायचो. दुसरीकडे कुठे हे गाणं ऐकलं, एखाद्या कार्यक्रमात वगैरे, की त्या जागी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

२००४ मध्ये आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला आणि आई-बाबा आमच्याकडे राहायला आले. सामानात बावीस कॅसेट निघाल्या. साठ मिनिटांच्या एक याप्रमाणे बावीस तास. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी एक्सेलमध्ये यादी केली, मित्राच्या हार्ड डिस्कवरून एकेक गाणं एमपी-थ्रीमध्ये शोधून काढलं, उरलेली दोन-चार कुठून कुठून मिळवली. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे ७०० एमबीच्या सीडीत साडेअकरा तास बसतात. दोन सीडीत काम फत्ते. बाबांसाठी एमपी-थ्री लावणारा प्लेअरही आणला. बावीस कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकल्या. घरातली जागा मोकळी, खरखर नाही, फीत अडकणं नाही. स्वतःवर भयंकर खूश होतो.

बाबांनी सीडी लावली. 'तोच चंद्रमा' ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुरुवातीचं जे संगीत १९८६ मध्ये निसटलं होतं तेही यात होतं. संपल्यावर म्हणाले, "छान आहे रे. एकदम स्वच्छ." थोडं थांबून म्हणाले, "पण हे आपलं नव्हे."

मी हसलो. म्हटलं, "बाबा, तेच तर आहे."

'तेच' म्हणालो बघा. दोन्हींचं नाव एक, गायक एक, म्हणून दोन्ही गाणी एकच, असं धरून मी त्यातली कमी प्रतीची कॉपी उडवली होती. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने नुसतं नाव जुळतंय म्हणून डेटा उडवला असता तर मी त्याला उभं राहू दिलं नसतं.

बाबा २०११ मध्ये गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका रात्री मला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला आणि लक्षात आलं की तो कुठेच नाही. माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, पण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे व्हिडिओवाल्याने सबंध लग्नावर सिनेमाची गाणी चढवलेली. बाबा कुणाशी तरी हात जोडून बोलताहेत, ओठ हलताहेत, आणि आवाज कुमार सानूचा. त्यांच्या साध्या मोबाइलमध्ये काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं. बाबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. एक "श्श!", जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. तो मी खरखर समजून भंगारात दिला होता.

असो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गाणं वगैरे काही नाही, सगळा आठवणींचाच खेळ. मित्रांच्या वादात हाही मुद्दा दरवेळी येतो. आणि त्याला आधारही आहे. पेत्र जनाता नावाच्या संशोधकाचा २००९ सालचा एक अभ्यास आहे. त्याने विद्यार्थ्यांना त्यांच्या बालपणातल्या आणि किशोरवयातल्या लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या गाण्यांशी स्वतःच्या आयुष्यातली आठवण जोडलेली होती, त्या वेळी कपाळामागचा एक विशिष्ट भाग जास्त कामाला लागलेला दिसला. दहाव्या वर्षापासून पुढच्या वीसेक वर्षांतल्या आठवणी माणसाला म्हातारपणी जास्त आठवतात, हेही मानसशास्त्रातलं सर्वमान्य निरीक्षण आहे. तेव्हा आपल्या वयात आलेल्या काळातली गाणी आपल्याला थोर वाटणार आणि आपल्या मुलांना त्यांच्या काळातली, यात दोघांचाही दोष नाही.

पण तेवढ्यावर मी समाधानी नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. निरमाच्या जाहिरातीचं गाणं लागलं तरी मला तीच सांगलीची खोली दिसते, तोच क्रोशाचा रुमाल दिसतो. आठवण तर तिथेही जोडलेली आहे, आणि पक्की. पण ते ऐकून मी चार मिनिटं गप्प बसत नाही. ते गाणं मला त्या खोलीत नेऊन सोडतं आणि तिथेच संपतं. म्हणजे नुसत्या आठवणीने गाणं परफेक्ट होत नाही. गाण्यातही काहीतरी लागतं.

काय लागतं? माझ्या मते, आपण मोठे झालो की गाण्यालाही मोठं होता आलं पाहिजे.

'तोच चंद्रमा'चं बघा. त्याचं बीज शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या एका संस्कृत श्लोकात आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त तो उदाहरणादाखल घेतलाय, म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वीही तो नावाजलेलाच होता. या शीलाभट्टारिकेबद्दल २०२३ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतून एक बातमी आली होती. तिथल्या अभ्यासकांनी एका चालुक्य ताम्रपटाच्या वाचनावरून असा निष्कर्ष मांडला की ती दुसऱ्या पुलकेशीची मुलगी. ते खरं धरलं तर श्लोक तेराशे-चौदाशे वर्षांचा झाला. त्यातली बाई म्हणते ते एवढंच: माणूस बदललेला नाही, ऋतू बदललेला नाही, वारा आणि फुलांचा वास बदललेला नाही, मी बदललेले नाही, तरी मन मागच्या त्या नदीकाठच्या भेटींकडेच धावतंय. शांताबाईंनी हा भाव मराठीत आणला आणि त्यात स्वतःची हुरहुर मिसळली.

म्हणजे 'तेच' आणि 'तसंच' यांच्यातला फरक सांगणारं हे गाणं. मी ज्या फरकात नापास झालो तोच! बारा वर्षांचा असताना मला त्यातलं काही कळत नव्हतं. चंद्राचं गाणं आहे, बाबांना आवडतं, मध्ये शिट्टी येते, बास. तिशीत कळलं ते प्रेमाचं गाणं म्हणून. बाबा गेल्यावर ऐकलं तेव्हा ते प्रेमिकांचंही राहिलं नाही. सूर तेच, शब्द तेच, गळा तोच, ऐकणारा मी तोच, आणि तरी जे होतं ते नाही. माझ्याच घरातली गोष्ट ते गाणं मला सांगत होतं, आणि मला कळायच्या कितीतरी आधीपासून सांगत होतं.

बाबूजींच्या गाण्याची यात मोठी मदत होते. ते शब्द कसे सोडतात ऐका. प्रत्येक अक्षर स्वच्छ, कुठेही घाई नाही, कुठेही गळा दाखवायचा सोस नाही, आणि ओळ संपली की थोडी मोकळी जागा. रडून दाखवलं असतं तर ते त्यांचं दुःख झालं असतं. ते रडत नाहीत, म्हणून तिथे आपलं ठेवायला जागा राहते. आमच्या घराने त्या जागेत कुकर, आई आणि "श्श!" ठेवलं. तुमच्या घराने दुसरं काही ठेवलं असेल.

शांताबाई ६ जून २००२ रोजी गेल्या आणि बाबूजी त्याच वर्षी २९ जुलैला. पेपरातली बातमी बाबांनी कापून ठेवली होती आणि त्या दिवशी कॅसेट लावली होती. कॅसेटवर त्यांनी ते गाणं त्यानंतर किती वेळा ऐकलं असेल कुणास ठाऊक. मी ते दोनच वर्षांत बंद पाडलं.

हल्ली सगळी गाणी सगळीकडे मिळतात, धुऊन पुसून. याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच सोयीमुळे मला रात्री दोन वाजताही 'तोच चंद्रमा' ऐकता येतं. तक्रार आहे ती माझ्यासारख्यांच्या एका समजुतीबद्दल, की स्वच्छ कॉपी मिळाली म्हणजे जुनीचं काम संपलं. रेकॉर्ड कंपनीकडे असते ती गाण्याची मास्टर कॉपी. आपल्या घराची मास्टर कॉपी आपल्याकडेच असते, खरखरीसकट, आणि तिचा बॅकअप जगात दुसरं कुणी घेत नाही.

तर एक करा. माळ्यावर एखादी कॅसेटची पेटी असेल, जुन्या फोनमध्ये कुणी गाणं गुणगुणतानाची फाइल असेल, ती नाव बघून उडवू नका. हेडफोन लावा आणि शेवटपर्यंत ऐका. गाणं नव्हे, गाण्याच्या मागचं ऐका. कॅसेट असेल तर आहे तशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. खरखर काढायचं बटण सापडेल. ते दाबू नका.

मी आता ते स्वच्छ गाणंच ऐकतो, दुसरा इलाज नाही. पहिलं कडवं संपतं. दुसऱ्याच्या तोंडाशी माझा कान आपोआप पुढे होतो. काही येत नाही. गाणं पुढे जातं. काल असंच ऐकत बसलो होतो, तर आईने आतून विचारलं, "झालं का रे?" मी "श्श" म्हणालो नाही. उठून आत गेलो, फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "काय म्हणालीस? परत म्हण बरं."