गडावरचं टाकं आणि आपलं खरकटं पातेलं

पाऊस ओसरला की वस्त्यांमधली मुलं-मुली पाठीवर सॅक टाकून बाहेर पडतात. कुणी हरिश्चंद्रगडाला, कुणी राजगडाला, कुणी कळसूबाईला. मंडळाची सहल असेल तर कान्हेरी किंवा जुन्नरची लेणी. आम्हाला याचा आनंदच आहे. दोन दिवस चढ-उतार करून मोकळ्या हवेत राहणं, यापेक्षा स्वस्त टॉनिक कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. पण तिथे जेवण झाल्यावर भांडी कुठे आणि कशी धुतली जातात, याबद्दल आज थोडं कडक बोलायचं आहे.

बहुतेक ठिकाणी खिचडीचं पातेलं थेट पाण्याच्या टाक्यावर जातं. काठावर बसून साबणाने घासलं जातं आणि टाक्यातच बुडवून विसळलं जातं. पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो, शितं तळाशी जातात. तासाभराने दुसरा कुणी येऊन तिथेच पिण्याची बाटली भरतो.

गडावरचं टाकं म्हणजे नदी नव्हे. कातळात खोदलेला तो हौद जून ते सप्टेंबर भरतो आणि मग पुढच्या पावसापर्यंत आहे तेवढंच पाणी. आत गेलेलं वाहून जायला वाट नाही. खरकटं कुजतं, त्यावर जंतू पोसले जातात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, शेवाळ माजतं, वास सुटतो. साबणाच्या फेसाने माशांचे कल्ले आणि बेडकांची नाजूक कातडी खराब होते. डासांच्या अळ्या खाणारे मासेच गेले तर पुढे काय होणार, हे वस्तीत राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. बरं, ओढ्यावर धुतलं म्हणजे सुटलो असंही नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाला गाव असतं आणि त्या गावातल्या बाया त्याच पाण्याने हंडे भरतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पाण्याला हात लावण्यावरून आपल्या समाजाने फार सोसलं आहे. टाक्याला हात लावू नका, असं आम्ही म्हणत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. उलट ‘शुद्धीकरणा’च्या नावाखाली त्या तळ्यात शेण आणि गोमूत्र ओतणाऱ्यांनीच ते घाण केलं, हे आरोग्याच्या पानावर तरी लिहिलं गेलं पाहिजे. पाणी बिघडतं ते त्यात काय पडतं यावर, कोण घेतो यावर नाही. टाक्यातून पाणी कुणीही घ्यावं. साबण आणि खरकटं मात्र कुणाचंही त्यात जाऊ नये.

लेण्यांना जाणाऱ्यांनी तर हे जास्तच लक्षात घ्यावं. कान्हेरी आणि जुन्नरच्या शिलालेखांत ‘पोढी’ दान दिल्याच्या नोंदी आहेत. पोढी म्हणजे हेच पाण्याचं टाकं. भिक्खूंच्या आठ वस्तूंमध्ये पाणी गाळण्याचं साधन असे. विनयपिटकातल्या 75 सेखिय नियमांपैकी एक तर चक्क भांडी धुण्याबद्दल आहे: पात्र धुतलेलं, शितं असलेलं पाणी वस्तीत फेकू नये. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, असाही एक नियम आहे. ओलं पात्र तसंच ठेवून देऊ नये, उन्हात वाळवावं, हेही विनयात सांगितलेलं आहे. लेण्यांत चूल पेटवायला मनाई आहे, म्हणून आपण डबे नेतो. पण मग तेच डबे त्या पोढीत विसळतो!

मग करायचं काय? आपल्या घरात नळाला अर्धा तास पाणी येतं. एका तांब्यात चार ताटं स्वच्छ करणारी आई किंवा आजी प्रत्येक घरात आहे. ती विद्या गडावर न्यायची, एवढंच. मुळात शिजवायचं बेताचं. ताट शेवटच्या घासाने, भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायचं. जुनी माणसं ताटात पाणी ओतून पिऊन टाकत. त्याला हसण्यासारखं काही नाही. जंगलात त्याच्यासारखी दुसरी युक्ती नाही. पातेल्याला लागलेलं उलथन्याने खरवडून, कागदाने पुसून पिशवीत भरायचं आणि ती पिशवी घरी आणायची. दरीत टाकलेल्या खरकट्यावर माकडं, कुत्री, उंदीर जमतात आणि पुढच्या मुक्कामाला माकड सरळ तुमच्या सॅकवर हात टाकतं.

यानंतर टाक्यातलं पाणी दोरी बांधलेल्या स्वच्छ बादलीने किंवा कॅनने काढून घ्यायचं आणि दूर जायचं. दूर म्हणजे दहा पावलं नव्हे. साधारण 60 मीटर, मोठ्या माणसाची 70-80 पावलं, तीही टाक्याच्या उताराच्या बाजूला आणि जिथे माती आहे तिथे. कातळावर धुतलेलं पाणी जिरत नाही. उतार टाक्याकडे असेल तर पुन्हा आतच जातं. विसळलेलं पाणी फडक्यातून गाळून गवतावर, मातीवर लांबवर शिंपडायचं. फडक्यात राहिलेली शितं पिशवीत.

साबण लागतोच असं नाही. गरम पाणी आणि घासणी, नाहीतर चुलीतली विझलेली राख पुरते. फारच तेलकट असेल तर नखाएवढा साबण. पाकिटावर ‘नैसर्गिक’ लिहिलेला साबण टाक्यात चालतो, ही समजूत चुकीची आहे. असा साबणही मातीतल्या जंतूंमुळेच मोडतो, म्हणून तोही मातीवरच सांडायला हवा.

साबण कमी म्हणजे स्वच्छता कमी, असा अर्थ कुणी काढू नये. गडावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर खाली दवाखान्यापर्यंत यायला चार तास लागू शकतात. भांडी शेवटी उकळत्या पाण्याने विसळावीत आणि उन्हात पालथी न घालता उताणी वाळवावीत. साबण वापरायचा तो हातांना: शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी, टाक्यापासून लांब. एका ताटात चौघांनी हात घालायची हौस असेल तर आधी चौघांचे हात धुवा. पिण्याचं पाणी गाळून, खळखळून एक मिनिट उकळलेलं असावं. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीत कुठेही एवढं पुरतं.

काही जण म्हणतात, एवढा व्याप कशाला, फेकायच्या प्लेटा न्या. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या प्लेटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी गडांच्या दऱ्यांत त्यांचा खच दिसतो. चकचकीत पत्रावळीलाही बऱ्याचदा प्लास्टिकचा पापुद्रा असतो. घरचं स्टीलचं ताट न्यावं. ते जड असतं, हे खरं. पण ज्या सॅकमध्ये स्पीकर मावतो, तीत ताटही मावेल.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. सहलीच्या फोटोत चुलीपाशी मुलगे असतात आणि पातेल्यांपाशी मुली. घरची वाटणी गडावर नेऊ नका. निघण्यापूर्वी विहारात बैठक होतेच. तिथे गाडीचे पैसे गोळा करतानाच भांड्यांच्या पाळ्या लावून टाका, मुलग्यांची पाळी पहिली. सामानाच्या यादीत दोरी, बादली, पाच लिटरचा कॅन, गाळायला जुन्या सुती साडीचा तुकडा, घासणी आणि खरकट्यासाठी जाड पिशवी लिहा. सोबत जलसंजीवनीची चार पाकिटंही असू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.